ब्रेक पॅडमधला कापूस

मागच्या रविवारी यवतमाळला घरी होतो आणि अंगणातच आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड अन् डिस्क बदलायला घेतले. गाडी स्टँडवर टेकवली, चाक काढलं, कॅलिपर खोलला. आत सगळी काळी भुकटी. बाबा म्हणाले, "फुंक मार न बे, उडून जाते थे."

मी म्हटलं, थांबा. का थांबा, ते सांगायला १८९७ मध्ये जावं लागतं.

इंग्लंडमधला डर्बीशायर, सगळे चढ-उताराचे रस्ते. घोडागाडीवाले लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं ठोकायचे, म्हणजे चाक नीट धरतं. हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं आणि कापसाच्या जाड पट्ट्यांत मेण-डांबर मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवले. हो, कापूस! आपलं पांढरं सोनं. त्याची कंपनी म्हणजे फेरोडो. (आपली शकुंतला रेल्वेसुद्धा कापसासाठीच टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरचं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं!)

पण मोटारी आल्या, वेग वाढला, आणि तापलेल्या ब्रेकमध्ये कापूस करपायला लागला. १९०८ च्या सुमारास फ्रूडने अॅस्बेस्टॉस वापरला. जळत नाही, स्वस्त, मस्त. डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टरने १९०२ लाच घेतलं होतं, पण धातूवर धातू घासून नुसता किंचाळा. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा कुठे जगाला ते पटलं.

मधल्या काळात अॅस्बेस्टॉसची धूळ मेकॅनिक लोकांच्या फुफ्फुसात जात राहिली. तिच्यामुळे होणारा कॅन्सर कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी दिसतो. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली. भारतात अॅस्बेस्टॉसची आयात चालूच आहे. त्यामुळे खोक्यावर 'अॅस्बेस्टॉस-फ्री' लिहिलेलेच पॅड घ्या. आणि निघालेले जुने पॅड कशाचे होते, हे नुसतं बघून कळत नाही राजेहो.

म्हणून मास्क लावला, क्लीनर फवारून भुकटी ओली केली, कापडाने पुसली, कापड पिशवीत बांधून टाकलं. नव्या डिस्कवरचं तेलही क्लीनरने काढलं, नाहीतर पॅड वाया. पिस्टन क्लॅम्पने हळूहळू मागे ढकलला. कॅलिपर होजवर लटकवायचा नाही, तारेने बांधायचा.

सगळं बसवल्यावर बाबांनी लगेच चावी फिरवली. मी ओरडलोच! पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला पेडल सरळ तळाला जातो. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारायचा. आमचा पाचव्यांदा कडक झाला.