अद्भुतकथा आणि विज्ञानकथा

भागवतात रैवत राजाची कथा आहे. कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारावयास तो तिच्यासह ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालले होते म्हणून क्षणभर थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे लोटली! सन १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेतही अंतराळप्रवाशाचा काळ आणि पृथ्वीवरील काळ यांचा मेळ उरत नाही. ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेतलेले तिचे लेखक म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर होत. आश्चर्य एकाच जातीचे. मग एकीस अद्भुतकथा आणि दुसरीस विज्ञानकथा का म्हणावे?

याचे उत्तर कारणमीमांसेत आहे. रैवताच्या कथेत ब्रह्मलोकाचा महिमा हेच कारण, आणि श्रोता ते श्रद्धेने स्वीकारतो. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतावरून त्याचे गणित मांडता येते. म्हणूनच विज्ञानकथा चूक ठरू शकते; अद्भुतकथेस ते भय नाही.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुतरम्यतेचा मोठा प्रभाव होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. नव्या वाटेचे एक पाऊल मात्र महाराष्ट्राबाहेर पडले. कोचीनला जन्मलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकाने १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी मराठीत क्रमशः दिली. त्याच १९०० साली आपल्या छत्तीसगढात माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. घरापासून दूरच्या मराठी माणसाची जिज्ञासा अशी दोन्हीकडे जागी होती! व्हर्नने चंद्राकडे गोळा धाडण्यास ९०० फुटी तोफ कल्पिली. तिच्या धक्क्याने आतील प्रवासी जिवंत राहणार नाहीत, हे गणितच सांगते.

ही सीमारेषा पुसली गेली म्हणजे घोटाळा होतो. पुष्पक विमान हे कविप्रतिभेचे लेणे. त्यास यंत्रशाळेत ओढून नेण्याचे कारण नाही. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील विमाने उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथही प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्येच दिला. अशा दाव्यांनी विज्ञानाचे भले होत नाही आणि पुराणांचाही मान वाढत नाही.

मंडळातील माता-पित्यांना एवढीच विनंती की, मुलांना दोन्ही कथा अवश्य सांगाव्यात. मात्र ‘हे खरेच असे होईल का?’ असे मूल विचारील, तेव्हा त्यास गप्प करू नये. अद्भुतरसाने त्याचे मन विशाल होईल, आणि त्या प्रश्नाने त्याची बुद्धी सावध राहील.