वाहतूक प्रवाह : प्रतिमाने व कोंडीनिवारण

रस्त्यांवरील वाहने किंवा दळणवळणाच्या जाळ्यांतील माहिती यांच्या प्रवाहाचे गणिती वर्णन करून कोंडी का होते व ती कशी टाळता येईल, याचा शोध घेणारे अभ्यासक्षेत्र.

मूलभूत संबंध : रस्त्याच्या एकक लांबीतील वाहनसंख्या म्हणजे घनता. घनतेला सरासरी वेगाने गुणले की प्रवाह, म्हणजे एका ठिकाणाहून तासाभरात जाणारी वाहने, मिळतो. अमेरिकन अभियंते ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३५ मध्ये छायाचित्रांवरून केलेल्या मोजणीतून घनता वाढते तसा वेग समप्रमाणात घटतो, असे मांडले. त्यामुळे घनतेबरोबर प्रवाह एका कमाल मर्यादेपर्यंतच वाढतो. त्यापुढे गाड्यांची गर्दी वाढते, पण पार होणाऱ्या गाड्या कमी होतात.

कोंडीच्या लाटा : जेम्स लाइटहिल व जेराल्ड व्हिटम (१९५५) आणि पॉल रिचर्ड्स (१९५६) यांनी वाहतुकीला द्रवप्रवाहासारखी समीकरणे लावली. गाड्या पुढे जात असल्या तरी कोंडी मागे सरकते, याचे स्पष्टीकरण त्यांतून मिळाले. काई नागेल व मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये रस्त्याचे साडेसात मीटरचे कप्पे कल्पिले. प्रत्येक गाडीला चारच नियम दिले : वेग वाढवणे, पुढची गाडी पाहून तो कमी करणे, अधूनमधून विनाकारण मंदावणे आणि पुढे सरकणे. संगणकावर एवढ्यानेही कोंडी उद्भवते. जपानमधील युकी सुगियामा व सहकाऱ्यांनी २३० मी. परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी चालवल्या. चौक, अपघात, अरुंद जागा असे काहीच नसताना काही वेळाने मोटारी थांबत-थांबत चालू लागल्या (२००८).

भारतातील मिश्र वाहतूक : मुंबई-पुण्यासारख्या शहरांत दुचाकी, रिक्षा, बस एकाच रस्त्यावर आणि बहुधा मार्गिका न पाळता चालतात, दुचाकी मोकळी फट दिसेल तिथून पुढे निघते. म्हणून वाहनांची गणना ‘प्रवासी कार एककां’त (एक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचे, या हिशेबाने) करतात आणि प्रतिमानात रस्त्याची रुंदीही धरावी लागते.

प्रकाशीय जाळी : ऑप्टिकल फायबरमधून अनेक तरंगलांबींवर एकाच वेळी माहिती जाते. वाटेत तरंगलांबी बदलणाऱ्या रूपांतरकाची सोय नसेल, तर संपूर्ण मार्गावर एकच तरंगलांबी मोकळी असावी लागते. पहिल्या दुव्यावर तिसरी आणि दुसऱ्यावर पाचवी तेवढी मोकळी असेल, तर दोन्हीकडे जागा असूनही जोडणी नाकारली जाते. अशा नकाराची संभाव्यता काढण्यासाठी डॅनिश गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी टेलिफोन केंद्रांसाठी १९१७ मध्ये मांडलेल्या सूत्राचा आधार घेतात. मार्ग व तरंगलांबी यांची योग्य निवड करणे आणि लहान प्रवाह एकत्र बांधणे हे येथील मुख्य उपाय.

निवारण : केवळ क्षमता वाढवणे पुरत नाही. जो तो स्वतःसाठी जलद मार्ग निवडत असेल, तर नवा रस्ता जोडल्याने सर्वांचाच प्रवासवेळ वाढू शकतो, हे जर्मन गणितज्ञ डीट्रिख ब्राएस यांनी १९६८ मध्ये सिद्ध केले. सिंगापूरने १९७५ मध्ये व लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या वाहनांवर शुल्क लावले. काही महामार्गांच्या प्रवेशमार्गांवर सिग्नल बसवून गाड्या थोड्याथोड्या आत सोडतात. इंटरनेटवर १९८६ मध्ये मोठी कोंडी झाल्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी कोंडीची चाहूल लागताच पाठवणाऱ्यानेच वेग कमी करण्याची पद्धत मांडली (१९८८). मर्यादा ओलांडण्याआधी आत येणारा ओघ आवरला, तर आहे त्याच रस्त्यातून वा जाळ्यातून अधिक वाहतूक पार पडते, हे या अभ्यासाचे सर्वांत उपयुक्त फलित होय.