डाव्या बाजूचे झाकण

आमच्या घरी १९६९ सालची, म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली एक जावा मोटारसायकल आहे. तिच्या सीटखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गोलसर पेट्या आहेत. त्यांपैकी डाव्या पेटीचे झाकण गेली तीस वर्षे जागेवर नाही. ते कुठे पडले, हे आजोबांनाही आठवत नाही. एम.ए.चा प्रबंध सादर केल्यावर हाती थोडा वेळ होता, म्हणून ते झाकण मिळवायचे किंवा करवून घ्यायचे मी ठरवले. वीतभर पत्र्यासाठी चार महिने गेले. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे मला वर्गापेक्षा त्या चार महिन्यांत अधिक कळले. हा धागा त्या झाकणाचा. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी गाडीची वंशावळ. 'जावा' हे नाव १९२९ साली यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून झाले. फ्रांतिशेक यानेचेक हे चेकोस्लोव्हाकियातील शस्त्रास्त्रांचे उत्पादक. वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क त्यांनी घेतले आणि तोफा-बंदुकांच्या जोडीने दुचाकीचा धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना कारखान्यातील मंडळींनी युद्धानंतरच्या दिवसांसाठी अडीचशे सीसीची एक नवी गाडी गुपचूप तयार केली. 'पेराक' या नावाने ती १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. १९५४ साली तिची सुधारलेली पिढी आली, प्रकार क्रमांक ३५३. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरला जी जावा बनवली, ती याच घराण्यातली. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्या 'येझदी' नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद झाला.

या गाडीवर प्रेम करणारे लोक तिच्या आवाजाबद्दल बोलतात, किकच्याच दांड्याने गिअर टाकता येतो त्याबद्दल बोलतात. मला मात्र तिचा पत्रा महत्त्वाचा वाटतो. टाकी, मडगार्ड, पूर्ण झाकलेली चेन, सीटखालच्या पेट्या: एकही पृष्ठभाग सपाट नाही, आणि अडचण इथूनच सुरू होते.

पत्रा एका दिशेने वाकवणे सोपे असते. डबा, नळी, पन्हळ हे सारे कागद गुंडाळावा तसे होते. पण जो आकार एकाच वेळी दोन दिशांना फुगलेला असतो, तो वाकवून होत नाही. कागद वाटीवर बसवून पाहा. कडेला चुण्या पडतात. पत्र्याला अशा वाटीसारखा आकार द्यायचा तर मधला भाग ताणावा लागतो किंवा कडा आकसवाव्या लागतात, आणि बहुधा दोन्ही करावे लागते. कारखान्यात हे काम साचा करतो. खाली पोकळ भाग, वर त्यात उतरणारा ठोकळा, मध्ये पत्रा. कडा घट्ट धरून ठेवलेल्या, म्हणजे चुण्या पडत नाहीत. प्रेसचा दाब येतो आणि काही सेकंदांत पेटीचे झाकण बाहेर पडते. साचा घडवायला मात्र कसबी कारागिरांचे कित्येक आठवडे जातात आणि पैसाही तसाच लागतो. हजारो नग काढायचे असतील तरच तो परवडतो. एकच झाकण हवे असणाऱ्या माणसासाठी कोणी साचा करत नाही.

त्यामुळे जुन्या गाडीच्या पत्र्याचे भवितव्य तिच्या साच्यांच्या भवितव्याशी बांधलेले असते. दोन उदाहरणे आपल्याच देशातली आहेत. रॉयल एनफिल्डची बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, पुढे सुटे भाग बनवण्याची अवजारे व साचेही तिकडे आले आणि हळूहळू पूर्ण गाडी तिथे होऊ लागली. ब्रिटनमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण मद्रासचे प्रेस थांबले नाहीत; म्हणून बुलेटचा मडगार्ड शोधायला आजही कोणाला रानोमाळ फिरावे लागत नाही. मिलानच्या लॅम्ब्रेटाचेही थोडेफार तसेच झाले. इनोचेंती कंपनीने स्कूटर बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने १९७२ साली घेतली, आणि इटलीत जन्मलेले साचे लखनौत पत्रा दाबू लागले. तिथले दुचाकींचे उत्पादन १९९७ साली थांबले. वसाहतोत्तर औद्योगिक इतिहासावर लिहिणारे लोक परवाने, कोटा, परकीय चलन यांवर पानेच्या पाने लिहितात. जहाजातून आलेल्या या पोलादी ठोकळ्यांवर फारसे कोणी लिहीत नाही, याचे मला नवल वाटते.

जावाच्या बाबतीत म्हैसूरची दारे बंद झाल्यावर मालकांच्या हाती उरल्या त्या दुकानांतल्या फळ्यांवरच्या शिल्लक वस्तू, भंगार आणि नकला.

मी पुण्याच्या जुन्या बाजारापासून सुरुवात केली. बुधवार आणि रविवार, असे सहा आठवडे. जावाच्या टाक्या दिसल्या, हेडलाइटच्या वाट्या दिसल्या, उजव्या पेटीची दोन झाकणे दिसली. डावे दिसले नाही. एका विक्रेत्याने मोठ्या आत्मविश्वासाने फायबरचे झाकण हातात ठेवले. अशी झाकणे मूळ नगावरून साचा काढून, त्यात काचतंतू आणि राळ थापून करतात. राळ वाळताना किंचित आकसते, म्हणून नक्कल मूळ वस्तूपेक्षा अंमळ लहान होते. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली की आणखी लहान. फायबरला कमी लेखण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीने १९५४-५५ मध्ये आपल्या पूर्ण झाकलेल्या मोटारसायकलींची आवरणे कारखान्यातूनच फायबरग्लासची दिली होती (ती वेळेवर आणि धड येईनात, हा त्या कंपनीच्या अखेरच्या दिवसांतला एक ताप होता). परंतु आमच्या पेटीवर ते झाकण बसेना. दोन्ही कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढी फट राहिली. मी ते परत केले. पैसे परत मिळाले नाहीत.

मग एका पत्रेकाम करणाऱ्या काकांचे नाव कळले. जुन्या मोटारींचे मडगार्ड हाताने ठोकून काढणारे जे थोडे लोक उरले आहेत, त्यांतले ते एक. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "उजवं झाकण आहे ना? मग ते घेऊन ये पोरी. त्याच्यावरून कागद काढू आणि उलटा करू."

उजवे हे डाव्याचे आरशातले प्रतिबिंब, हे गृहीतक मलाही पटले. झाकण नेले. काकांनी खिशातून दोऱ्याला बांधलेले एक लहानसे चुंबक काढले आणि झाकणावरून सावकाश फिरवले. वरच्या अर्ध्या भागात ते टकाटक चिकटत होते. खालच्या अर्ध्या भागात नुसते डुलत राहिले. तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर होता, त्यावर रंग. घरी विचारल्यावर आजीने सांगितले की १९८३ साली कात्रज घाटात गाडी उजवीकडे आडवी झाली होती. झाकण चेपले, गल्लीतल्या गॅरेजमध्ये वर काढून लांबी भरून घेतले. आजोबांनी ती हकिकत कधीच सांगितली नव्हती. बहुधा आजीलाही ती सांगायची नव्हती.

म्हणजे आमच्याकडचा एकमेव अस्सल पुरावा अर्धा दुरुस्त केलेला होता. चुंबक नसते तर १९८३ च्या गॅरेजवाल्याच्या हाताचा अंदाज आम्ही म्हैसूरचा आकार समजून उलट बाजूला उतरवला असता.

पुढचा मार्ग ओळखीतल्या जावामालकांचा. पुणे, सातारा आणि कोल्हापूर येथून तीन डावी झाकणे काही दिवसांसाठी मिळाली. वहीत त्यांना क, ख, ग अशी नावे दिली. पुठ्ठ्याचे फर्मे कापून प्रत्येकाचा आडवा आणि उभा छेद घेतला. क आणि ख कागदाच्या जाडीइतकेही वेगळे नव्हते. ग मात्र मधोमध सुमारे चार मिलिमीटर अधिक फुगीर होते. दोन विरुद्ध एक. मी क-ख चा फर्मा घेऊन काकांकडे जायला निघालेच होते.

इथे सुखटणकरांचे स्मरण व्हायला हवे होते, आणि ते उशिरा झाले. विष्णू सीताराम सुखटणकर हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी पाठनिश्चितीची जी पद्धत मांडली, तिचा गाभा असा: पोथ्यांची संख्या मोजून पाठ ठरत नाही, परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरांत जो पाठ जुळतो, त्याला वजन. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार. हे मी परीक्षेत लिहिले होते, त्याला गुणही मिळाले होते.

काकांनी सुखटणकर वाचलेले नाहीत. त्यांनी क आणि ख उपडी करून उजेडात धरली आणि बोट ठेवले. दोन्हींच्या आतल्या बाजूस, अगदी एकाच जागी, नखाएवढा उठाव होता. साच्यात खड्डा पडला असेल तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगावर तसाच व्रण उमटतो. क आणि ख एकाच साच्यातून निघाले होते, यात शंका नव्हती. पण तो साचा म्हैसूरचा होता का? दोन्ही मालकांना दूरध्वनी केला. दोघांनीही ही झाकणे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारातून विकत घेतली होती. 'ग' च्या मालकांच्या गाडीवर मात्र पहिल्या दिवसापासून तेच झाकण होते, आणि त्याच्या कडेच्या टवक्यात रंगाचे चार थर व त्याखाली प्रायमर दिसत होता.

तरीही 'ग' एकटाच होता, आणि एकटा साक्षीदार चुकू शकतो. म्हणून आमच्या उजव्या झाकणाकडे पुन्हा वळलो. चुंबकाने जो वरचा अर्धा भाग निर्मळ ठरवला होता, तेवढ्याचाच फर्मा घेतला, उलटा केला आणि 'ग' वर ठेवला. प्रकाशाची रेघही दिसली नाही. एक गाडी कोल्हापूरची, एक आमची. दोघींची गेल्या पन्नास वर्षांत गाठ पडलेली नाही. भरीस भर म्हणून आमच्या डाव्या पेटीचा काठ शिल्लक होताच. 'ग' त्यावर न दाबता बसले. क कोपऱ्यात अडले.

आता प्रत्यक्ष काम. वीस गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाड. काकांनी वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने मधला भाग खोलवत नेला. कडांना मुद्दाम चुण्या पाडल्या आणि एकेक चुणी हलक्या हाताने तिच्यातच जिरवली, म्हणजे कडा आकसली. ठोकताना पत्रा कठीण होत जातो. फार झाला तर चिरतो. म्हणून दोनदा लाल होईपर्यंत तापवून हवेवर निवू दिला. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर याच गुणाचा उलट उपयोग करतात: मठारकामातले ते दाट ठोके भांड्याला शोभा तर देतातच, पण मऊ तांब्याला कणखरही करतात. शेवटी लोखंडी डोलीवर सपाट हातोडीने पृष्ठभाग सारखा केला, कडेची मुरड घातली, कानशीने साफ केली. प्रत्येक टप्प्यावर पुठ्ठ्याचे फर्मे लावून पाहिले. अकरा दिवस लागले. लांबी वापरली नाही, याचा काकांना अभिमान आहे आणि तो असावा.

नवे झाकण इतके जुळले की मला थोडी भीती वाटली. पन्नास वर्षांनी कोणी हीच गाडी अभ्यासायला घेतली तर? १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तुजतनाबद्दल एक अट आहे: गहाळ भाग नव्याने घालायचा असेल तर तो एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे याच सनदेच्या आधारे आपली ट्युरिन सनद केली. म्हणून रंग देण्यापूर्वी झाकणाच्या आतल्या बाजूस काकांकडून अंकांच्या ठशांनी '२०२४' आणि 'पुणे' कोरून घेतले. काकांना हे विचित्र वाटले. स्वतःचे नाव घालायला ते तयार झाले नाहीत.

उजव्या झाकणावरची लांबी मी काढली नाही. ती १९८३ ची आहे, आमच्या गाडीची आहे, आणि तिच्याखाली काय आहे ते आता वहीत नोंदलेले आहे.

आजोबांनी गाडीभोवती फेरी मारली, दोन्ही बाजूंवरून हात फिरवला आणि म्हणाले, "डावं जरा जास्त फुगलंय." मी फर्मे आणले, क आणि ख ची गोष्ट सांगितली, काठ दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळे शांतपणे पाहिले. "तुझा कागद बरोबर असेल," ते म्हणाले, "पण चाळीस वर्षं माझ्या पायाला उजवं लागलंय."

फर्मे सध्या माझ्याकडे नाहीत. 'ख' च्या मालकांनी ते साताऱ्याला मागवून घेतले आहेत. त्यांना आता आपले झाकण खटकू लागले आहे.