औशाचा कारभार आणि वार्ता

निजामी अमलात औसा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि जिल्ह्याचा अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रजेस नव्हे, तर हैदराबादेस जबाबदार असल्याने, दफ्तराची उर्दू भाषा न जाणणाऱ्या मराठी रयतेपर्यंत सरकारी हुकूम पोहोचे तो बहुधा दवंडीनेच. चौकात हलगी कडाडे, माणसे दुकानांच्या फळ्यांपाशी थबकत, आणि चार वाक्यांत फर्मान संपे. प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाने ती सोय निर्माण करू पाहिली, तेव्हा निजाम सरकारने त्यावर बंदी घातली.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, आणि पुढे महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ अन्वये लोकनियुक्त सभागृह व शासननियुक्त मुख्याधिकारी अशी घडी बसली. अमेरिकेत, जेथे व्हर्जिनियातील स्टॉन्टन शहराने १९०८ मध्ये मुख्याधिकाऱ्यासारखाच पगारी व्यवस्थापक नेमला, तेथे व्यवस्थापकास नगरमंडळच नेमते आणि तेच दूर करते. आपल्याकडे मात्र मुख्याधिकाऱ्याची नेमणूक व बदली मुंबईहून होते. हा भेद मला फार मोठा वाटतो, कारण नळाला पाणी का आले नाही हे वार्ताहराने विचारले असता नगराध्यक्ष प्रशासनाकडे आणि प्रशासन ठरावाकडे बोट दाखवू शकते. म्हणून औशाच्या पत्रकारांनी केवळ निवेदनावर न विसंबता सभेचे इतिवृत्त आणि ठरावाची नक्कल मागावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क प्रत्येक नागरिकास दिलेला आहे.