सोपाऱ्याचा दगड आणि आपली सहल

स्मरणिका समितीने मला सांगितले, "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी द्या, दोन पानं." वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा यांवर लिहावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण १७३९ ची लढाई आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे, आणि दर मे महिन्यात कोणी ना कोणी ती सांगतोच. म्हणून मी आपल्या गेल्या जानेवारीतल्या सहलीबद्दल लिहितो. ती सहल काहींना आवडली, काहींना अजिबात आवडली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

दरवर्षी आपण रिसॉर्टला जातो. पाण्याच्या घसरगुंड्या, वडापाव, संध्याकाळी अंताक्षरी. या वर्षी मी मीटिंगमध्ये सुचवले की मुंबईच्या म्युझियमला जाऊ या. "म्युझियम?" एवढेच तीन-चार जण म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्यावरून सगळे कळले. मी म्हणालो, तिथे आपल्या गावचा दगड आहे. तेव्हा ए विंगमधल्या वहिनींनी विचारले, "आपल्या म्हणजे कुठल्या गावचा? आमचं गाव तर संगमेश्वर." प्रश्न बरोबर होता. आपल्यापैकी कोणाचेच गाव नालासोपारा नाही. आपण इथे जागा स्वस्त मिळाली म्हणून आलो.

आणखी एक कारण सांगतो, जरा घरगुती आहे. माझी मुलगी चर्चगेटच्या कॉलेजात जाते. राहतेस कुठे, असे कोणी विचारले की ती "वसई साइडला" म्हणते. नालासोपारा म्हटले की मुले हसतात, गर्दीचे आणि पावसात तुंबलेल्या पाण्याचे विनोद करतात. मी तिला काही बोललो नाही. ऑफिसात तीस वर्षे मीही "विरारच्या अलीकडे" असेच सांगत आलो होतो.

तर शेवटी एकोणीस जण निघालो. त्यात सात मुले होती, आणि आपले वॉचमन मामाही होते. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती, मुलांनीच त्यांना ओढून आणले. रविवार, त्यात जम्बो ब्लॉक. अंधेरीला गाडी बदलून चर्चगेटला पोचेपर्यंत अकरा वाजले.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणजे पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. कोनशिला १९०५ ची, आराखडा जॉर्ज विटेट यांचा. इमारत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभी राहिली, तेव्हा आधी तिथे लष्करी इस्पितळ होते, आणि लोकांसाठी म्युझियम १९२२ साली उघडले. घुमट पाहण्यासारखा आहे. पण मी सगळ्यांना घाईघाईने पुढे नेले, कारण मला तो दगड दाखवायचा होता.

दगड पाहून मंडळी निराश झाली, हे कबूल करतो. काळपट, तुटका, त्यावर बारीक ओळी. शेजारच्या मूर्तींपुढे तो अगदीच गरीब दिसतो. एक मुलगा म्हणाला, "एवढाच?" पण खालच्या पाटीवर सोपारा हे नाव वाचल्यावर मुले गप्प झाली.

आता या दगडाची हकीकत. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपल्या राज्याच्या कडेकडेने मोठ्या खडकांवर चौदा लेखांचा एक संच कोरवून घेतला. गुजरातेत गिरनार, ओरिसात धौली, डेहराडूनजवळ कालसी, आंध्रात येर्रागुडी, आणि आज पाकिस्तानात असलेली शाहबाजगढी व मानसेहरा ही त्यातली काही ठिकाणे. महाराष्ट्रात असे ठिकाण एकच, ते सोपारा. उगाच कोणी सम्राट आडगावात लेख कोरवत नाही. हे तेव्हाचे शूर्पारक, म्हणजे अपरांताची, आपल्या उत्तर कोकणाची राजधानी आणि पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. महाभारतात समुद्राने परशुरामाला जागा करून दिली ती शूर्पारकाची. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात भडोच आणि कल्याण यांच्याबरोबर सोपाऱ्याचेही नाव येते. नाणेघाटात पाण्याचे टाके खोदवून देणारा एक दाता स्वतःला सोपाऱ्याचा म्हणवतो. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कुठे कुठे धर्मशाळा बांधल्या त्याची यादी आहे, तिच्यातही आपले गाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी लोक सोपाऱ्याचे नाव दगडावर कोरून घेत होते. मी हे वाक्य मुलीकडे न बघता म्हणालो.

हे सगळे विसरून गेले होते. शोधून काढले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी, १८८२ मध्ये. हा गृहस्थ जुनागढचा. गिरनारचा खडक त्याच्या घराजवळचा, आणि लहानपणीच त्या खडकावरची ब्राह्मी लिपी वाचायला तो शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्याने देशभर फिरून लेख उतरवले. सोपाऱ्यात भाटेला तळ्याजवळ त्याला एक फुटका दगड मिळाला, मोजक्याच ओळींचा. तुटक्या अक्षरांवरून त्याने ओळखले की हा अशोकाचा आठवा लेख. गिरनार ज्याला पाठ आहे, त्यालाच हे जमणार! एक तुकडा मिळाला म्हणजे बाकीचे तेरा लेखही इथेच कुठेतरी होते, हे उघड होते. पुढे १९५६ साली भुईगावला, समुद्राजवळ, एशियाटिक सोसायटीच्या न. अ. गोरे यांना नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. भुईगावला आपण रविवारी बीचवर जातो. उरलेले बारा कुठे असतील? कोणाच्या विहिरीच्या कठड्यात, कोणाच्या जोत्यात, की आपल्याच पार्किंगखाली? हा प्रश्न मुलांना फार आवडला. परतल्यावर दोन दिवस ती कंपाउंडमधले दगड उलटे करून बघत होती.

त्याच १८८२ साली एप्रिलमध्ये भगवानलालांनी बुरूड राजाचा कोट खणला. गावकरी त्या टेकाडाला असे म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणणारा तो बुरूड, तेव्हा शूर्पारक हे नाव विसरले तरी त्याचा अर्थ लोकांच्या तोंडी राहिला असावा, असे मला वाटते. टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. मध्यभागी दगडी पेटी. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि भोवती आठ लहान ब्राँझ बुद्धमूर्ती. करंडकात चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या डबीत काय? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून कोणीतरी ते इतके जपून ठेवले होते. सोबत सोन्याची इवली फुले, आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे एक चांदीचे नाणे. नाणे दुसऱ्या शतकातले, मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी पेटी उघडली, भर घातली आणि पुन्हा बंद केली. सोने कोणी नेले नाही, हे विशेष.

ही पेटी आणि त्यातल्या वस्तू एशियाटिक सोसायटीकडे आहेत, टाउन हॉलमध्ये. संध्याकाळी तिथवर चालत गेलो, पण उशीर झाला होता. पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी घरून आणलेल्या तिखट पुऱ्या खाल्ल्या.

पण मुख्य गोष्ट राहिली, लेखात लिहिले काय आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना दान द्यायचे, खेड्यापाड्यातल्या लोकांशी बोलायचे. यावर आपले खजिनदार म्हणाले, "म्हणजे रिसॉर्ट बंद, म्युझियम चालू. तुम्ही आधी वाचूनच आला होतात!" मी होतोच वाचून.

नववा लेख मंगलकार्यांवर आहे. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवास, अशा वेळी लोक नाना विधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरूंचा मान ठेवणे, जिवांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. हे सांगताना वॉचमन मामा माझ्या शेजारीच उभे होते. त्याच सप्टेंबरात आपण वार्षिक सभेत त्यांचा दिवाळी बोनस रंगकामाच्या फंडासाठी रद्द केला होता. विरोधात हात वर करणाऱ्यांत मी नव्हतो. मामांनी एवढेच विचारले, "इतक्या जुन्या काळात नोकराचं लिहिलं?" मी हो म्हणालो आणि पुढच्या दालनात गेलो.

फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये मी तो विषय काढला, अशोकाचे नाव घेऊन. "अशोकाला लिफ्टचा मेंटेनन्स नव्हता," असे उत्तर मिळाले आणि सगळे हसले, मीही हसलो. बराच वाद झाल्यावर अर्धा बोनस मंजूर झाला. रंगकामही झाले, ते आपण पाहतोच आहोत. उरलेल्या अर्ध्याचा विषय अजून कार्यवृत्तात प्रलंबित आहे, हे या निमित्ताने नोंदवतो.

आता एवढी मोठी राजधानी गेली कुठे? बंदर खाडीवर होते. दक्षिणेची वसईची खाडी आणि उत्तरेची वैतरणा यांच्या मधल्या भागात पाणी आत शिरत असे. गाळ भरत गेला, गलबतांना यायला जागा उरली नाही, व्यापार दुसरीकडे गेला. पुढे त्या सखल जागांवर शेती झाली, मिठागरे झाली आणि शेवटी आपण आलो. २०१८ च्या जुलैत स्टेशनात रुळांवर पाणी चढले होते, तेव्हा आपण सगळ्यांनी यंत्रणेला शिव्या घातल्या. घालायलाच हव्यात. पण पाणी त्याच्या जुन्या वाटेने येते हेही तितकेच खरे, आणि वाट आपणही अडवली आहे.

स्तूप अजून जागेवर आहे, सोपारा गावात. पश्चिमेला स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते. चक्रेश्वराच्या देवळात ब्रह्मदेवाची मोठी जुनी मूर्ती आहे, तीही त्याच फेरीत होते. पंचवीस वर्षे इथे राहून आपल्यातले किती जण तिथे गेले, ते मी सहलीत विचारले होते. तीन हात वर झाले, त्यातला एक मामांचा. ते एका पौर्णिमेला तिथे बंदोबस्ताच्या कामावर होते.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला गेटपाशी जमायचे आहे. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. यादीत पहिले नाव माझ्या मुलीने लिहिले आहे, आणि पत्त्याच्या रकान्यात नालासोपारा पश्चिम असे पूर्ण लिहिले आहे. बाकीची जागा रिकामी आहे.