दारची फुलझाडे कोठून आली?



आम्ही विषय कळविला तेव्हा चालकांनी तो दोनदा विचारून घेतला. ज्याचे आयुष्य कामगार चळवळीत गेले त्याने संपावर बोलावे, फुलझाडांवर कशाला, असे त्यांना वाटले असावे. परंतु आम्ही जे बोलणार आहो तेही श्रमाविषयीच आहे. आमचे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढले सारे सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा चूक आढळल्यास जाणकारांनी सांगावी, आम्ही ती दुरुस्त करू.

करंज्याला आम्ही प्रथम गेलो ते एका सभेसाठी. द्रोणागिरीच्या पायथ्याचे हे कोळ्यांचे गाव. येथून रेवसला तर जाते. जुन्या सरकारी दप्तरात उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा होता, आणि उरण-करंजा मिळून एक बेट होते. सुमारे दोनशे वर्षे ते पोर्तुगीजांकडे होते. मग मराठ्यांकडे आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर इंग्रजांकडे राहिले. बेट कोणी कोणाला दिले हे तहात लिहिले आहे. त्या बेटावर काय फुलत होते याची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

सभा एका घराच्या अंगणात होती. माणसे जमेपर्यंत आम्ही अंगण पाहत बसलो. दाराशी तुळस, कुंपणाला गुलबक्षी आणि पिवळी कण्हेर, कोपऱ्यात खुरचाफा, फाटकावर बोगनवेल, जागा मिळेल तेथे सदाफुली, आणि दसरा जवळ आलेला म्हणून झेंडूचा वाफा. मनात आले, किती अस्सल मराठी अंगण! पुढे वाचनालयात जाऊन एकेकाचे मूळ गाव शोधू लागलो आणि थक्क झालो. झेंडू मेक्सिकोचा, तेथे नोव्हेंबरच्या आरंभी हीच फुले मृतांच्या स्मरणासाठी वाहतात. गुलबक्षी, पिवळी कण्हेर आणि खुरचाफा हेही अमेरिकेतले. सदाफुली मादागास्करची, १९५८ साली कॅनडातील संशोधकांनी तिच्यातून कर्करोगावरचे औषध वेगळे केले. तुळस वगळली तर यांतले एकही झाड शिवाजी महाराजांच्या आधी दोनशे वर्षे या किनाऱ्यावर नव्हते. दसऱ्याला दारावर जे तोरण आपण अनादि समजतो, त्यातला आंबा तेवढा जुना, झेंडू कोलंबसानंतरचा.

याचा अर्थ येथे पूर्वी फुलेच नव्हती असा नव्हे. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट काही काळ याच गृहस्थाकडे खंडाने होते. त्याने प्राजक्ताची हकीकत लिहिली आहे: एका राजकन्येचे सूर्यावर प्रेम जडले, त्याने टाकले म्हणून तिने प्राण दिला, तिच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. ही गोष्ट त्याला इथल्याच कोणा माणसाने सांगितली असणार.

बोगनवेलीची कथा मात्र आमच्यासारख्याला विशेष लागून राहते. फ्रेंच दर्यावर्दी बुगेनव्हिल १७६६ साली जगप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात कोमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि त्याचा नोकर म्हणून पुरुषवेषात ज्यान बारे ही गरीब घरची बाई होती. स्त्रियांना जहाजावर बंदी होती, म्हणून हे सोंग. १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल गोळा झाली तेव्हा कोमर्सनचा पाय दुखावलेला होता. डोंगर चढणे, ओझी वाहणे हे काम बारेवर पडे. वेलीला नाव मिळाले कप्तानाचे. बारेचे नाव एका वनस्पतीला दिले गेले ते २०१२ साली, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षांनी. मजुरीची थकबाकी इतकी लांबलेली आम्ही दुसरी पाहिली नाही.

असो. झाडे जहाजांनी आली. पण ती रुजली कशी? हे आम्हांला पुस्तकात सापडले नाही, त्या अंगणाच्या मालकिणीने सांगितले. पुढल्या खेपेस आम्ही विचारले, “आजी, हीच झाडे का लावलीत?” आजी हसल्या. “दादा, आमची विहीर खारी. गोडं पाणी डोक्यावरून आणायचं. ते माणसांना पुरलं तर फुलांना. जे उष्ट्या पाण्यावर जगलं ते राहिलं.”

या एका उत्तराने सारे अंगण आम्हांला वाचता आले. मोरीच्या तोंडाशी मोगरा आणि कर्दळ, कारण भांड्यांचे पाणी तेथे जाते. म्हणून ऐन चैत्र-वैशाखात मोगरा भरतो. पाण्यापासून दूर खुरचाफा, जो पाने टाकून उघड्या फांद्यांवर फुलतो. फाटकावर बोगनवेल, कारण पाणी तोडले की ती अधिक बहरते. (मालकवर्गाने हा दृष्टांत कामगारांना लावू नये.) मिठागरांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापर्यंत चाले, आणि मीठ वाहायला बायकाही जात. त्या महिन्यांत झाडांपाशी कोण बसणार? पावसाळ्यात मात्र होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, घर भरलेले, पाणी आभाळातून फुकट. तेव्हा तेरडा उगवे, भादव्यात गौरीला त्याचाच मान, आणि त्याच पावसावर लावलेला झेंडू दसऱ्याला हाती येई. अंगणातला रंग ऋतूप्रमाणे बदलतो असे आपण म्हणतो. करंज्यात तो कामाच्या हंगामाप्रमाणे आणि हंड्यांच्या हिशेबाप्रमाणे बदलत होता. परदेशी झाडांतून निवड केली ती या बायकांनी. त्यांनीच त्यांना सणात जागा दिली.

आमच्या घरीही असेच एक झाड होते. वडील मुंबईत गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले तेव्हा ट्रंकेबरोबर चाळीच्या गॅलरीतला, डालडाच्या डब्यात लावलेला मोगरा घेऊन आले. आई त्यांना पुष्कळ बोलली. पगार बुडाला, भांडी विकली, आणि हे काय आणले! पण पाणी तीच घालीत असे.

उरण-पनवेल पट्ट्यातली शेते आणि मिठागरे १९७० पासून नव्या शहरासाठी व पुढे बंदरासाठी संपादनात गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा लढा, १९८४ च्या जानेवारीतला गोळीबार आणि पाच हुतात्मे आपणांस माहीत आहेत. त्या भांडणात आम्ही जमिनीचा भाव गुंठ्यावर मोजत होतो, आणि ते योग्यच होते. परंतु शेत गेल्यावर पुष्कळ घरांत अंगण हीच शेवटची जमीन उरली, हे मोजायचे आम्हांला सुचले नाही. अंगणावरही आता खोल्या उठल्या आहेत. भाडे येते, आणि भाडे नको असे आम्ही कोणाला सांगणार? झाडे डब्यांत आणि पिंपांत गेली. बोगनवेल, सदाफुली तेथेही तगतात. अडचण होते ती तेरड्याची, म्हणजे नेमकी येथल्याच मातीतल्या झाडाची. त्याला दर पावसाळ्यात उघडी जमीन लागते. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला हिणवतो. पण त्याची शेंग हात लागताच फुटते आणि बी दूर उडते, तेवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

गेल्या वर्षी आजी म्हणाल्या, “गौरीचा तेरडा आता बाजारातून आणते. जुडीला पैसे मोजून.” मग लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडून त्यांनी चिमूटभर काळपट बी आमच्या हातावर ठेवले. ते आम्ही युनियनच्या कचेरीच्या पायरीशी, फरशी उखडली आहे तेथे टाकले. मृगात चार रोपे आली. दोन सायकलीखाली गेली. उरलेल्या दोन्हींना गुलाबी फुले आली, आणि शेंगा आम्ही मुद्दाम तोडल्या नाहीत.