भिकबाळी : भिकेच्या सोन्याचा दागिना

गणपती विसर्जनाला पवई तलावाच्या घाटावर ढोल-ताशे घुमू लागले की वादकांचे कान पाहा. उजव्या कानाच्या वरच्या कडेला दोन मोती आणि मध्ये लाल खडा. पुष्कळांचा कान टोचलेलाही नसतो, दाबाची भिकबाळी अडकवलेली असते. बघणारे म्हणतात, पेशवाई थाट! पण या दागिन्याच्या नावात थाट नाही, भीक आहे.

घरात मुलं जगत नसली की आई नव्या बाळासाठी चार घरी पदर पसरायची. भिकेत मिळालेल्या पैशांचं सोनं घ्यायचं, सोनाराकडून बाळाचा कान टोचून त्यात ती बाळी घालायची. हे पोर आता आपलं नाही, भिकेचं आहे. त्याला कुणाची नजर लागणार नाही आणि यमही त्याच्याकडे वळून बघणार नाही, असा त्यामागचा भाव. भिकाजी, धोंडू, दगडू, कचरू ही नावं त्याच भीतीतून आली. नाव हाकेत राहिलं, बाळी कानात राहिली.

ही भीती श्रीमंतांनाही होती. देवीच्या साथीला वाडा आणि झोपडी सारखीच. भारतात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. म्हणजे अख्खी पेशवाई जवळजवळ लसीविनाच गेली. दागिना म्हणून दरबारात मान होता तो मात्र मोत्यांच्या चौकड्याचा. तो कानाच्या पाळीत घालत. भिकबाळीचं मूळ दरबारात नाही, माजघरात आहे, असं मला ठामपणे वाटतं. थाट तिला मागाहून चिकटला.

म्हणूनच जुनी भिकबाळी विकत घेताना ‘पेशवेकालीन’ या शब्दावर पैसे मोजू नका. आधी तार पाहा. हाताने ओढलेली तार सगळीकडे एकसारखी जाड नसते, आणि वर्षानुवर्षं कानात राहिलेली बाळी जिथे त्वचेला घासते तिथे झिजलेली असते. मग मोती. जुने बसराई मोती इराणच्या आखातातले. पूर्ण गोल क्वचितच, रंगाने किंचित पिवळसर, भोक अगदी बारीक. दातावर घासून खरा मोती आणि काचेचा मणी यांतला फरक कळतो, पण नैसर्गिक मोती आणि संवर्धित मोती यांतला नाही. त्याला प्रयोगशाळेतला एक्स-रेच लागतो. जपानचे गोल संवर्धित मोती बाजारात पसरले ते 1920 नंतर. लाल खड्याचंही तसंच. फ्रान्सच्या व्हर्न्यूईने भट्टीत माणिक बनवण्याची रीत 1902 साली जाहीर केली; भिंगाखाली त्या खड्यात वळणदार रेषा दिसतात. तसा खडा निघाला तर तो तरी पेशव्यांच्या काळातला नाही. बाळी मात्र जुनी असू शकते, कारण निसटलेला खडा पुन्हा बसवून घेणं ही घराघरातली रीत होती.

हॉलमार्कची वाट पाहू नका. 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला तो सक्तीचा नाही, आणि भिकबाळी बहुधा त्याहून हलकीच भरते. सोनं कसाला लावून घ्या. सोनं, मोती आणि खडा यांची किंमत पावतीवर वेगवेगळी लिहून मागा. आणखी एक. पवईतल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशी आहेत, नातवाच्या मुंजीला काहीतरी जुनं पाठवावंसं वाटतंच. पण 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून खात्री करून घ्या.

बाजारातल्या बाळीचं वय निघेल, पण ती कोणत्या बाळाच्या कानात होती हे कोणी सांगू शकणार नाही. तुमच्या घरात एखादी असेल तर आजीला आजच विचारा, आणि त्या मुलाचं नाव चिठ्ठीवर लिहून बाळीच्याच डबीत ठेवा.